कजोडांची वही

गतवर्षी फेब्रुवारी महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सायंकाळी ठीक साडेपाच वाजता, प्रौढांसाठी चालणाऱ्या एका भाषासंस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरील चौथ्या खोलीत, दहा आठवड्यांच्या इंग्रजी वर्गाला प्रारंभ झाला. हजर विद्यार्थी चौदा; गैरहजर कोणी नाही. शिकवणारे गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे होते, गेली बावीस वर्षे त्याच खोलीत शिकवीत होते, आणि वरील नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने, वार व वेळ यांसह, हजेरीपटाच्या माथ्यावर करून ठेवली होती.

संस्थेत त्यांना सगळे जुळारी सर म्हणत. हे नाव त्यांच्या मेहुण्याने ठेवलेले. मेहुण्याचा छापखाना होता. शिशाच्या खिळ्यांच्या काळात तिथे अक्षराला अक्षर लावून मजकूर उभा करणाऱ्या कामगाराला जुळारी म्हणत. पुढे खिळे गेले, ते कामगारही गेले, तेव्हा मेहुणा म्हणाला की आता जगात एकच जुळारी शिल्लक आहे आणि तो नेमका आमच्या ताईच्या पदरात पडला आहे. सरांना या विनोदाचा राग आला नाही. वर्णन अचूक असले की त्यांना राग येत नसे.

सर जुळवीत ते शब्द. इंग्रजीत कोणत्या नामाशी कोणते क्रियापद नांदते, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय होता. व्याकरण मुखोद्गत असलेला, शब्दसंग्रह दांडगा असलेला माणूसही तोंड उघडताच परका का ठरतो, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर ठरलेले होते: त्याला शब्द माहीत असतात, शब्दांची सोयरीक माहीत नसते. पहिल्या दिवशी ते हे मराठीतूनच समजावीत.

"आपण हाक मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो, थापही मारतो. एवढी मारामारी रोज चालते, पण कुणाला खरचटतसुद्धा नाही. शपथ घेतो आणि खातोही. शपथ खाऊन कुणाचं पोट भरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. असंच का, हे विचारायचं नाही. भाषेत ते ठरलेलं असतं. इंग्रजीतही ठरलेलं आहे. ते आपण शोधून काढायचं."

शोधण्याचे साधन म्हणजे पत्ते. पांढऱ्या पत्त्यांवर क्रियापदे, पिवळ्यांवर नामे. एकूण तेराशे चाळीस पत्ते, अकरा लाकडी खणांत वर्गवारीने लावलेले. प्रत्येक पत्त्याचे चारही कोपरे सरांच्या पत्नीने घरी बसून कात्रीने गोल केले होते, कारण पहिल्या वर्षी एका आजोबांच्या बोटाला कोपरा टोचला होता. खेळाचे नियम तीन. प्रत्येकाच्या हाती पाच पिवळे पत्ते यायचे, पांढरे टेबलाच्या मध्यभागी उघडे पसरायचे. एक पांढरा पत्ता एकदाच उचलता येई. ज्याने आधी उचलला त्याचा. आणि तिसरा नियम असा की सगळे टेबल मांडून होईपर्यंत शिक्षकाने अवाक्षर काढायचे नाही. चूक आधी पुरती होऊ द्यावी आणि मगच दुरुस्त करावी. अर्ध्यावर अडवलेली चूक मागच्या दाराने परत येते, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि त्यावर वाद घालायला ते बसल्या जागी तयार असत.

मांडणी पुरी झाली की शेवटची पंधरा मिनिटे सरांची. ते उठत, चष्मा पुसत, टेबलाभोवती एक सावकाश फेरी मारत आणि न जुळलेल्या जोड्या वेचून हातात घेत. या जोड्यांना ते कजोड म्हणत. मग एकेक कजोड उंच धरून, जणू न्यायालयात दावा उभा करावा अशा गंभीर आवाजात, ते त्याचे वाचन करीत.

चौथ्या आठवड्यात एका परिचारिकेच्या पुढ्यात असे कजोड निघाले. बाई चाळिशीच्या, मोठ्या रुग्णालयात अकरा वर्षे नोकरी केलेल्या. परदेशातल्या एका रुग्णालयाची इंग्रजीतून होणारी मुलाखत एप्रिलमध्ये होती, आणि त्यासाठीच त्यांनी वर्गात नाव घातले होते. त्यांच्या हाती 'टेंपरेचर' आले. त्याचे 'टेक' हे क्रियापद त्यांना कामामुळे झोपेतही आठवले असते, पण तो पत्ता शेजारच्या लिफ्टदुरुस्तीवाल्याने आपल्या 'फोटो'साठी आधीच उचलला होता. उरलेल्यांतून त्यांनी 'मेक' घेतले.

सरांनी ती जोडी उंच धरली. "मेक टेंपरेचर. म्हणजे यांच्या रुग्णालयात रुग्ण येतो तो ठणठणीत असतो. ताप इथे ताजा बनवून मिळतो."

वर्ग हसून आडवा झाला. परिचारिकेने तर डोळे पुसले. लिफ्टवाल्याने विचारले, घरपोच मिळतो का; त्यावर पुन्हा हशा. सरांनी योग्य शब्द फळ्यावर लिहिला, पण त्या वेळी फळ्याकडे पाहण्याच्या स्थितीत कोणीच नव्हते. त्या दिवसापासून परिचारिका वर्गात शिरल्या की कोणीतरी म्हणे, आल्या तापवाल्या बाई. आणि त्या म्हणत, थांबा, करते गरम.

लिफ्टवाल्यालाही त्याचे माप मिळाले. दिलेला शब्द पाळण्यासाठी लागणारे 'कीप' न मिळाल्याने त्याने 'कॅच अ प्रॉमिस' लावले, आणि सर म्हणाले की वचन पळून चालले होते, यांनी दोन मजले धावत जाऊन धरले. एका कारकुनाने 'डू अ मिस्टेक' मांडले. सरांनी खुलासा केला की साहेबांनी सोपवलेल्या कामाइतकीच हे चूकही वेळेवर आणि नेटकी करतात. त्या पंधरा मिनिटांत वाचून झालेली कजोडे सर एका जाड वहीत तारखेसह उतरवीत. वही बारा वर्षांची झाली होती.

आता या वहीशी एक मोठी गोष्ट बांधली गेली होती. सरांनी बावीस वर्षांच्या पत्त्यांचे एक सरावपुस्तक रचले होते: दोनशे आठ पाने, डावीकडे क्रियापदे, उजवीकडे नामे, मध्ये रेघा ओढायला जागा, आणि शेवटी परिशिष्ट म्हणून निवडक कजोडे टीकेसह. संस्थेच्या सर्व शाखांतून पुढल्या सत्रापासून ते लावायचे, असे संचालिकाबाईंनी मान्य केले होते. पुढच्या वर्षी सर निवृत्त होणार होते; खोली जाणार, खण जाणार, मागे उरले तर हे पुस्तक उरणार. मेहुण्याने छपाईआधी तपासायची मुद्रिते तयार ठेवली होती. परिशिष्ट वाचून तो खुर्चीतून घसरला होता, आणि म्हणाला होता, "भाऊजी, लोक हे शेवटचं वाचायला पुस्तक घेतील आणि लाजेकाजेस्तव पहिलंही वाचतील."

पुस्तक स्वीकारण्याला एकच अट होती, आणि ती संचालिकांनी नव्हे, सरांनीच घातली होती. पद्धत उपयोगी आहे असे सांगून भागत नाही, ते दाखवावे लागते, असा त्यांचा आग्रह. म्हणून पहिल्या दिवशी साठ वाक्यांची परीक्षा, प्रत्येक वाक्यात क्रियापदाची जागा रिकामी; आणि शेवटच्या दिवशी तीच परीक्षा पुन्हा. तुलना हवी म्हणून शेजारच्या पाचव्या खोलीलाही तोच कागद दिला गेला.

पाचव्या खोलीत एक तरुण शिक्षिका होत्या. तीन वर्षांपूर्वी आलेल्या, बोलायला फटकळ, पण सरांसाठी जिन्यातला दरवाजा धरून उभ्या राहणाऱ्या. त्यांच्याकडे पत्ते नव्हते. त्या एखादा छोटा प्रसंग वाचून दाखवीत, विद्यार्थी त्यातले शब्द जसे आले तसे, क्रियापदासकट, वहीत उतरवून घेत, दुसऱ्या दिवशी वही मिटून तोच प्रसंग स्वतः सांगत. भिंत पातळ असल्याने त्यांचा सामूहिक आवाज चौथ्या खोलीत ऐकू येई. सर त्याला पोपटपंची म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होते.

एकदा शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना दोघांत चांगलीच जुंपली. बाईंचे म्हणणे असे की जोडी मुळात एकत्र असते. आपणच ती आधी फोडतो आणि मग विद्यार्थ्याला म्हणतो, जोड. फोडायचीच कशाला? सरांनी कप खाली ठेवून, मुद्दे बोटांवर मोजत, उत्तर दिले. न फोडता घेतलेले ज्ञान हे ऐकीव ज्ञान. घड्याळजी घड्याळ उघडतो तेव्हाच त्याला घड्याळ कळते.

"घड्याळजीला कळतं, सर," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे येतात त्यांना किती वाजले एवढंच हवं असतं."

सरांनी या दृष्टान्तातील तर्कदोष पाच मिनिटे समजावून सांगितला. बाईंनी तो ऐकून घेतला, कप विसळला आणि त्या वर्गावर गेल्या.

एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी अंतिम परीक्षा झाली. दोन्ही खोल्यांच्या उत्तरपत्रिका सर घरी घेऊन गेले. तपासणी एकाच हाताने व्हावी, हाही त्यांचाच आग्रह. बाईंनी गठ्ठा देताना एवढेच म्हटले की लाल शाई वापरू नका, माझ्या लोकांना घाबरायला होतं. सरांनी हिरवी वापरली.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर निकाल तयार झाला. चौथ्या खोलीची सरासरी साठपैकी एकोणतीस होती, ती साडेएकोणचाळीस झाली. पाचव्या खोलीची अठ्ठावीस होती, ती छत्तीस झाली. सरांनी दोन्ही आकड्यांखाली पट्टीने रेघ ओढली. पत्नी कणीस सोलत समोर बसली होती. त्यांच्या चेहऱ्यावरून तिला निकाल कळला, आणि तिने विचारलेही नाही.

दुसऱ्या कोणी इथे पेन बंद केले असते. सरांचा पिंड तसा नव्हता. बेरीज ही गोष्ट लपवण्यासाठीच असते, असे ते विद्यार्थ्यांना सांगत. म्हणून त्यांनी एक मोठा कागद घेतला, आडवे साठ प्रश्न, उभे चौदा विद्यार्थी, आणि प्रत्येक चौकटीत दोन खुणा: पहिल्या दिवशी काय, शेवटच्या दिवशी काय. दुपारी दोनपर्यंत चौकटी भरल्या. दोनशे अठरा उत्तरे आधी चुकीची होती, ती आता बरोबर आली होती. हे शोभण्यासारखे होते. परंतु एकाहत्तर उत्तरे अशी होती की जी पहिल्या दिवशी, काहीही शिकवण्यापूर्वी, बरोबर होती. आणि दहा आठवड्यांच्या अध्यापनानंतर ती चुकली होती.

सरांनी प्रथम आपली मोजणी चुकली असे धरले. पुन्हा मोजले. एकाहत्तरच.

माणूस विसरतो, हे त्यांना मान्य होते. विसरलेला माणूस जागा कोरी सोडतो किंवा हाताला येईल ते लिहितो. ही उत्तरे तशी नव्हती. परिचारिकेने पहिल्या दिवशी एकविसाव्या वाक्यात 'टेक' लिहिले होते, ठळक, न खोडता. शेवटच्या दिवशी तिथे 'टेक' लिहून खोडले होते आणि वर 'मेक' लिहिले होते. लिफ्टवाल्याने वचनापुढे 'कॅच' लिहिले होते. 'डू अ मिस्टेक' लिहिणारे तिघे होते, आणि त्यांतला तो कारकून एकच.

सर उठले, कपाटातून जाड वही काढून आणली आणि एकाहत्तर चुका तिच्याशी ताडून पाहू लागले. अठ्ठावन्न सापडल्या. तारखेसह, टीकेसह, त्यांच्याच वळणदार अक्षरात. ज्या कजोडावर वर्ग सर्वांत जास्त हसला होता, ते सर्वांत जास्त पत्रिकांत उतरले होते. ज्यावर विनोद साधला नव्हता, ते बहुधा कोणालाच आठवले नव्हते. त्यांनी मग पाचव्या खोलीच्या पत्रिका त्याच रीतीने मांडल्या. तिथे आधी बरोबर असून नंतर चुकलेली उत्तरे नऊ निघाली, आणि ती नऊही इकडची तिकडची, एकीचा दुसरीशी संबंध नसलेली.

पत्नीने चहा आणून ठेवला आणि कागदाकडे पाहिले. सरांनी तिला काय सापडले ते क्रमाने सांगितले. तिने कप चौकटींपासून दूर सरकवला. मग म्हणाली, "अहो, बेरीज चांगली आली ना? मग वजाबाकी कोणी मागितली होती?"

"कोणीच नाही," सर म्हणाले.

"संचालिकाबाईंनी मागितली?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली, पण हे तिने उत्तरासाठी विचारले नव्हते. एकोणतीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाला दुकानदाराने चुकून जास्त दिलेली चार सुटी पानेही परत करताना पाहिले होते, आणि ती पाने कोरी होती.

संध्याकाळभर सर स्वतःशी वाद घालत राहिले. प्रतिपक्ष समोर नसला तरी त्यांचे अडत नसे. एक पळवाट दिसत होती. परिशिष्ट काढून टाकावे, हशा बंद करावा, बाकीचे पुस्तक राहू द्यावे. त्यांनी ती पळवाट नीट, शेवटपर्यंत चालून पाहिली. एकाहत्तरांपैकी तेरा चुका वहीत नव्हत्या, म्हणजे त्यांवर कोणी विनोद केला नव्हता. तरी त्याही टेबलावर मांडल्या गेल्याचे त्यांना आठवत होते, आणि त्या अर्धा तास डोळ्यांसमोर राहिल्या होत्या. उरलेल्या अठ्ठावन्नही जन्मल्या टेबलावरच. वहीने त्यांना फक्त बाळसे दिले. आणि पुस्तक म्हणजे तेच टेबल, दोनशे आठ पानांचे. उलट बाजूचा युक्तिवादही भक्कम होता: दोनशे अठरा ही काही हवेतली संख्या नव्हे; शेजारच्या खोलीत ती एकशे तेरा होती. विद्यार्थी दमडीचा तोटा न होता शिकतो असे कोणत्या पद्धतीत घडते? या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते, आणि उत्तर नसलेला प्रश्न त्यांना पुराव्यासारखा वापरता येईना.

सोमवारी सकाळी ते संचालिकाबाईंकडे दोन कागद घेऊन गेले. पहिल्यावर बेरजा, दुसऱ्यावर चौकटी. बाईंनी पहिला वाचला आणि अभिनंदन केले. दुसरा त्यांनी उलटा, सुलटा पाहिला. सरांनी तो समजावून सांगितला. वीस मिनिटे लागली. बाई शहाण्या होत्या, आठ शाखा सांभाळीत होत्या, आणि त्यांच्या दाराबाहेर तिघे थांबले होते.

"सर, एकोणचाळीस आणि छत्तीस. मला एवढं पुरतं," त्या म्हणाल्या. "हे दुसरं पान तुमच्याजवळ ठेवा. पुस्तक छापायला घ्या."

त्यांनी पान परत सरांच्या हातात दिले. त्यात कपट नव्हते, फक्त घाई होती.

दुपारी सरांनी ते पान पाचव्या खोलीतल्या बाईंना दाखवले. आपण असे का करीत आहोत हे त्यांना नीटसे सांगता आले नसते. कदाचित वादात हरलेल्याने हात मिळवावा लागतो, या जुन्या शिस्तीने. बाईंनी कागद खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. त्या जिंकल्याचा सूर लावतील अशी सरांनी तयारी ठेवली होती. त्याऐवजी त्यांनी विचारले की आपले लोक छत्तीसवर का अडले, हे यातून कळेल का. सर म्हणाले, कळणार नाही. मग बाई म्हणाल्या, आपण एवढे खोलात जाऊन कधी मोजलेच नव्हते, आणि मोजले असते तर कागद कोणाला दाखवला असता की नाही, हे सांगता येत नाही.

"पुस्तकाचं काय करणार?" त्यांनी विचारले.

सर म्हणाले की यावर बाईंचे मत पक्षपाती ठरेल, आणि आपले स्वतःचे तर त्याहून.

"मग ज्यांनी दहा आठवडे पत्ते हातात धरले त्यांना विचारा ना," बाई म्हणाल्या. "दोघंही आपण आपलंच बोलतोय."

हे सरांना पटले. त्यांनी मनाशी तिथेच ठरवले की कोणाला विचारायचे, आणि असेही ठरवले की जे उत्तर येईल ते मान्य करायचे. त्यावर वाद घालायचा नाही. दुसरी गोष्ट ठरवणे त्यांना पहिलीपेक्षा जड गेले.

घरी मेहुण्याचा निरोप होता. यंत्र मंगळवारी दुपारी बारापासून मोकळे आहे, कागद कापून ठेवला आहे, भाऊजींनी हो म्हणावे की चाके फिरली. हो म्हणायचे नसेल तर तेही बाराच्या आत कळवावे, कारण कोणाच्या तरी लग्नपत्रिका रांगेत आहेत आणि नवरामुलगा उतावीळ आहे.

मंगळवारी अकरा वाजता सर त्या मोठ्या रुग्णालयात पोहोचले. काखेत मुद्रितांचा गठ्ठा होता. तिसऱ्या मजल्यावर, दोन वॉर्डांमधल्या बोळात, लोखंडी कपाटांच्या रांगेशी एक बाक होते. परिचारिकांची चहाची सुट्टी तिथे होत असे. परिचारिका आल्या, सरांना पाहून गडबडल्या आणि आधी कुणी आजारी आहे का हे त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर त्या बाकावर टेकल्या. पायातले बूट त्यांनी अर्धवट सैल केले.

सरांनी मुलाखतीचे विचारले. ती आदल्याच दिवशी झाली होती.

"पुन्हा सहा महिन्यांनी या म्हणाले," त्या म्हणाल्या.

त्यांनी जे घडले ते वॉर्डातली हकीकत द्यावी तसे, चढउतार न करता, सांगितले. समोर तिघे बसले होते. त्यांनी विचारले, तापाने फणफणलेला रुग्ण दाखल झाला तर पहिल्या तासात तुम्ही काय काय कराल. प्रश्न ऐकून त्यांना बरे वाटले होते, कारण हे त्या रोज करतात. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात अडल्या. तोंडाशी दोन शब्द आले. कोणता खरा आणि कोणता सरांनी उंच धरलेला, हे त्या क्षणी कळेना. मग जो जोरात आला तो त्यांनी म्हटला, आणि म्हटल्याबरोबर त्यांचे त्यांनाच हसू फुटले. समोरचे तिघे हसले नाहीत. त्यानंतर प्रत्येक वाक्याला तसेच होत गेले. बोलण्याआधी थांबायचे, मनात टेबल मांडायचे, आणि मग उचलायचे.

"आधी माझं इंग्रजी मोडकं होतं, पण मी थांबत नव्हते," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर नाही ढकलत मी. मला बरंच नवीन आलंसुद्धा. पण जे येत होतं ना, त्याच्याही शेजारी एक एक येऊन बसलंय."

सरांच्या जिभेवर एक प्रश्न आला होता: एकूण गुण किती वाढले हे तुम्हाला माहीत आहे का? तो त्यांनी विचारला नाही. त्यांनी गठ्ठा सोडला आणि पाने बाकावर ठेवली. हे पुस्तक आज बाराला छापायला जायचे आहे, पुढल्या सत्रापासून ते आठ शाखांत लागेल, आणि तुमच्या वॉर्डातल्या नव्या मुलीही, त्या आल्या तर, यावरूनच शिकतील, असे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, "तुम्ही त्यांना हे द्याल का? माझा विचार न करता सांगा."

परिचारिकेने पाने मांडीवर घेतली. बोट ओले न करता, कोपरा धरून, एकेक पान उलटले; डावीकडची ओळ वाचून डोळे उजवीकडे गेले आणि मध्येच रेंगाळले. परिशिष्टाशी आल्यावर त्या दोनदा मोठ्याने हसल्या, आणि एका पानावर स्वतःचाच ताप सापडला तेव्हा तिसऱ्यांदा. बोळातून एक ढकलगाडी गेली. त्यांनी पाय आत घेतले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. सरांनी खिशातून फोन काढून हातात धरला होता आणि मेहुण्याचा क्रमांक समोर आणून ठेवला होता.

बाईंनी पाने एकसारखी ठोकून गठ्ठा परत बांधला. दोरीची गाठ त्यांनी जखमेवरच्या पट्टीची मारावी तशी, सपाट, मारली. सर वाट पाहत होते. बावीस वर्षांत प्रथमच त्यांच्याजवळ उत्तराआधी तयार ठेवलेले प्रत्युत्तर नव्हते.

"नाही देणार, सर," त्या म्हणाल्या. "वर्ग मला फार आवडला होता, पण मला तो बाधला."